बारा खाटांचे रुग्णालय

चाळिशी ओलांडली, की अनेकांच्या मनात एक प्रश्न डोकावू लागतो. इतकी वर्षे ही धावपळ केली, ती कशासाठी? मुले शिकत असतात, घराचे हप्ते फिटत आलेले असतात, तक्रार करावी असे फारसे काही नसते. तरीही काहीतरी राहून गेल्यासारखे वाटत राहते. काहींना हा प्रश्न पंचविशीतच गाठतो. त्यावर मिळणारा सल्ला बहुधा एकच असतो : ज्यात आनंद वाटतो, तेच करावे. सल्ला कानाला गोड लागतो. मात्र तो पुरेसा आहे का, हे तपासायचे असेल, तर चेन्नईतील एका डॉक्टरांचे आयुष्य पाहण्यासारखे आहे.

डॉ. व्ही. शांता यांचा जन्म ११ मार्च १९२७ रोजी मयलापूर भागात झाला. चेन्नईचे नाव तेव्हा मद्रास होते. घराणे विद्याव्यासंगी, नोबेल पारितोषिकाचे मानकरी सी. व्ही. रामन आणि एस. चंद्रशेखर हे दोघेही त्यांच्या नात्यातले. मद्रास मेडिकल कॉलेजातून १९४९ मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि १९५५ मध्ये त्यांनी स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र या विषयात एम.डी. ही पदवी मिळवली. वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या बहुतेक स्त्रिया त्या काळी याच शाखेकडे वळत. लोकसेवा आयोगामार्फत एग्मोर येथील स्त्रिया व मुलांच्या सरकारी रुग्णालयासाठी शांता यांची निवडही झाली. सरकारी नोकरी म्हणजे नियमित पगार, म्हातारपणी निवृत्तिवेतन आणि चारचौघांत मान.

त्यांनी ती नोकरी स्वीकारली नाही. अड्यार भागात ‘कॅन्सर इन्स्टिट्यूट’ नावाचे एक लहानसे रुग्णालय आदल्याच वर्षी, १९५४ मध्ये, सुरू झाले होते. त्यात खाटा होत्या अवघ्या बारा. हे रुग्णालय डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या चिकाटीतून उभे राहिले होते. १९१२ मध्ये मद्रास मेडिकल कॉलेजातून पदवी घेणाऱ्या आणि पुढे १९२७ मध्ये मद्रासच्या विधान परिषदेत बसणाऱ्या या कर्तबगार बाईंची धाकटी बहीण कर्करोगाने गेली होती. ते दुःख त्यांनी मनात जपून ठेवले आणि तीस वर्षांनी त्यातून रुग्णालय उभे केले. त्यासाठी लोकांकडून वर्गणी गोळा करावी लागली, कारण कर्करोग म्हणजे मृत्यूच, त्यावर पैसा कशाला घालवायचा, असे सामान्य माणसेच नव्हे, तर जबाबदार पदांवरील माणसेही बोलून दाखवत. त्यांचे चिरंजीव डॉ. कृष्णमूर्ती तेथे शस्त्रक्रिया करत. त्यांच्या जोडीला शांता गेल्या. आरंभी त्यांनी वेतन न घेता काम केले. पुढे संस्थेने महिना २०० रुपये आणि आवारात राहण्याची सोय देऊ केली. अनेकांना हा निर्णय वेडेपणाचा वाटला.

आता येथे थोडे थांबून विचार करावा. १९५५ च्या सुमारास कर्करोगाच्या रुग्णांमध्ये वावरणे आनंदाचे होते काय? रोगी बहुधा फार उशिरा येत. औषधे मोजकी होती, यंत्रे त्याहून मोजकी. बरे होऊन घरी जाणाऱ्यांपेक्षा डोळ्यांदेखत जाणारेच अधिक. प्रसूतिगृहात निदान बाळाचे रडणे तरी ऐकायला मिळते! केवळ आनंद कशात आहे, एवढेच विचारून निर्णय घ्यायचा असता, तर एग्मोरचा रस्ता कितीतरी सोपा होता. शांता यांच्या निवडीमागचा प्रश्न वेगळा दिसतो. ज्या रुग्णाला बाकी सगळ्यांनी सोडून दिले आहे, त्याला सोडून देणे आपल्याला जमेल का? मूल्य म्हणतात ते हेच. मूल्यांची यादी कागदावर कोणीही करू शकतो, आणि ती बहुधा सगळ्यांची सारखीच निघते. परंतु काय सोडायची तयारी आहे, हे विचारले की माणसामाणसांतला फरक दिसू लागतो.

मराठीत सुख आणि समाधान असे दोन शब्द आहेत, आणि बोलताना आपोआपच त्यांचा वापर वेगवेगळा होतो. पोटभर जेवण, थंडीत ऊबदार पांघरूण, पगाराचा दिवस, ही सुखे. ती हवीतच, ज्याच्या घरात ती नाहीत, त्याला तत्त्वज्ञान सांगणे हा उद्धटपणा होय. समाधान मात्र थकलेल्या माणसालाही लाभू शकते. दिवसभर शेतात राबून किंवा रात्रपाळी करून आलेली बाई वही उघडून परीक्षेचा अभ्यास करते, तेव्हा ती सुखात असते असे म्हणता येणार नाही. डोळे मिटत असतात. पण त्या तासाभराची किंमत तिला विचारावी.

या उदाहरणावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो खोटा नाही. शांता यांच्या पाठीशी सुशिक्षित घर होते, हाती पदवी होती, आणि संसाराचा भार त्यांनी स्वीकारलेला नव्हता. चार माणसांचे पोट ज्याच्यावर अवलंबून आहे, त्याने हातची नोकरी सोडावी काय? मुळीच सोडू नये. ध्येय आणि नोकरी एकच असली पाहिजे, हा समज अलीकडे फार पसरला आहे आणि त्याने अनेकांना उगाच दुःखी केले आहे. घर चालवणे, म्हाताऱ्या आईला दवाखान्यात नेणे, पाठच्या भावाला शिकवणे, ही कामेही मूल्यातूनच होतात. फक्त त्यांची नोंद कोणी ठेवत नाही. आणखी एक गोष्ट. त्यागाचे गोडवे गाऊन शिक्षकांना, परिचारिकांना तुटपुंज्या मानधनावर राबवून घेणाऱ्यांचीही आपल्याकडे वाण नाही. त्याग स्वतःहून केलेला असेल, तरच तो त्याग.

अड्यारच्या त्या रुग्णालयात १९६० मध्ये लहान मुलांवरील उपचारांसाठी स्वतंत्र विभाग निघाला. बारा खाटांच्या पुढे चारशेहून अधिक खाटा झाल्या. परवडत नाही अशा रुग्णांवर मोफत किंवा कमी खर्चात उपचार करण्याची रीत संस्थेने सोडली नाही. शांता यांना २००५ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार आणि २०१६ मध्ये पद्मविभूषण मिळाले. हे सगळे फार उशिरा, पन्नास-साठ वर्षांनी आले. १९५५ मध्ये त्यातले काहीही नजरेसमोर नव्हते. तेव्हा समोर होत्या बारा खाटा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तपासायचे रुग्ण. १९ जानेवारी २०२१ रोजी, वयाच्या ९३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. तोवर त्या रुग्णालयाच्या आवारातच राहत होत्या, आणि रोग लवकर ओळखला तर बरा होऊ शकतो, हे लोकांना सांगण्याचे त्यांचे काम चालूच होते. रोगी आजही उशिरा येतात.