काखेत कळसा

"आम्हाला लिहायचे खूप आहे हो, पण साधने कुठे आहेत?" हे वाक्य आपल्या महाविद्यालयात वरचेवर ऐकू येते. वाङ्मय मंडळाच्या बैठकीत ऐकू येते, वसतिगृहाच्या व्हरांड्यात ऐकू येते. मुंबई-पुण्याच्या मुलांना मोठी ग्रंथालये आहेत, संपादकांच्या ओळखी आहेत. आपण पडलो आडगावचे, असा त्यामागचा सूर असतो. त्यातही जो ख्रिस्ती समाजातून आला आहे आणि मराठीत लिहू पाहतो, त्याची तक्रार दुहेरी असते. पूर्वसूरींची पुस्तके दुकानात मिळत नाहीत, आणि त्याचे लिखाण छापणारी नियतकालिके बोटांवर मोजण्याइतकी. मी स्वतः ही तक्रार दोन वर्षे केली. आज ती मला निदान अर्धी तरी खोटी वाटते. ती का, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

दोन वर्षांपूर्वी एका लहानशा मासिकाने माझ्याकडे नाताळानिमित्त लेख मागितला. लिहून पैसे मिळण्याची ती माझी पहिलीच वेळ. मी मोबाईल उघडला, एका अमेरिकन संकेतस्थळावरचे नाताळचे चिंतन शोधले, यंत्राकडून त्याचे मराठी करून घेतले, चार शब्द इकडेतिकडे केले आणि लेख धाडून दिला. तो छापूनही आला. मोठ्या उत्साहाने मी तो आजीला वाचून दाखवला. लेखात बर्फ पडत होता, धुराड्यातून धूर निघत होता आणि मेंढपाळ थंडीने कुडकुडत होते. आजीने शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि म्हणाली, "ह्यो बरफ कुठनं आणला रं बाळा? आपल्याकडं नाताळाला हरभऱ्याचं ढाळं असत्यात. आन् मेंढरं तर ह्या घडीला मळ्यातच बसवल्यात की!"

नेवासे-राहुरीकडच्या माणसाला याचा अर्थ सांगायला नको. डिसेंबरात आमच्या शिवारात धनगरांचे वाडे उतरलेले असतात. खतासाठी शेतकरी रानात मेंढरे बसवतात, धनगर रात्रभर शेकोटीशी राखण करतात. बेथलेहेमचे मेंढपाळ माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर होते, आणि मी त्यांना सातासमुद्रापलीकडून उसने आणले होते! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा असा.

त्या दिवसापासून मला एक गोष्ट पटली. इंटरनेटवरील साधने दोन जातींची आहेत. एक जात आपल्याला तयार लेख हाती देते. दुसरी जात लेख लिहिण्याची शक्ती देते. पहिल्या जातीची साधने शोधावी लागत नाहीत, ती आपणच अंगावर येतात. ख्रिस्ती लेखनाच्या बाबतीत तर त्यांचा महापूर आहे: तयार प्रवचने, तयार चिंतने, तयार प्रार्थना, बहुतेक इंग्रजीत. त्यांचे भाषांतर करता करता आपले मराठी किती परके झाले आहे, हे आपल्या लक्षातही येत नाही. दुसऱ्या जातीची साधने मात्र मागे कोपऱ्यात बसलेली असतात. माझे मत असे की, मराठीत लिहिणाऱ्या ख्रिस्ती लेखकाचे आणि लेखणीवर चार पैसे मिळवू पाहणाऱ्या कोणाही होतकरू लेखकाचे खरे भांडवल या दुसऱ्या जातीत आहे.

पहिले नाव घेतो ते शब्दकोशाचे. शिकागो विद्यापीठाने दक्षिण आशियाई भाषांचे शब्दकोश इंटरनेटवर खुले केले आहेत. त्यात मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश आहे, दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' आहे, आणि शं. गो. तुळपुळे व अ‍ॅन फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोशही आहे. मोल्सवर्थच्या कोशात सुमारे साठ हजार शब्द आहेत. शेताचे, चुलीचे, रोगांचे, भांडणाचे, लाडाचे शब्द त्यात सापडतात. मी 'ढाळा' पाहायला गेलो आणि तासभर त्याच पानांत रेंगाळलो. असा कोश विकत घ्यायचा तर विद्यार्थ्याच्या खिशाला परवडत नाही; येथे तो फुकट आहे. ज्याला शब्द सुचत नाही, त्याने इंग्रजी लेख उघडण्याऐवजी हा कोश उघडावा.

दुसरे साधन म्हणजे आपला स्वतःचा वारसा. इंग्लंडात जन्मलेले आणि १५७९ साली गोव्यात आलेले फादर थॉमस स्टीफन्स यांनी आपले 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये प्रसिद्ध केले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. परदेशातून आलेल्या या माणसाने येथल्या लोकांसाठी येथलाच ओवी छंद घेतला, पुराणाचा घाट घेतला, स्वर्गाला 'वैकुंठ' म्हणायलाही तो कचरला नाही. १९०७ साली मंगळूरहून निघालेली या ग्रंथाची रोमन लिपीतील आवृत्ती 'इंटरनेट अर्काइव्ह'वर पाहायला मिळते. तुळपुळे-फेल्डहाउस यांचा कोश शेजारी उघडून ठेवला, तर तिच्यातील जुने शब्दही हळूहळू उलगडतात. त्याच संग्रहात जुन्या मराठी पुस्तकांच्या हजारो छायाप्रती आहेत. त्यांची नावे रोमन लिपीत आणि बरेचदा चुकीची नोंदवलेली असल्याने एकच नाव तीन-चार प्रकारे लिहून शोधावे लागते, एवढी सबुरी मात्र हवी.

आणि मग लक्षात येते की आपण काही पोरके नाही. १८४२ साली अहमदनगरला (आजच्या अहिल्यानगरला) सुरू झालेला 'ज्ञानोदय', बाबा पदमनजींची १८५७ ची 'यमुनापर्यटन', रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजने, त्यांनी अपुरे ठेवलेले 'ख्रिस्तायन' पुढे नेणाऱ्या आणि 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई, ही आपली वडीलधारी मंडळी. टिळकांनी इंग्रजी गीतांच्या चाली उसन्या घेण्यापेक्षा अभंगाची वाट धरली, म्हणूनच आमच्या गावात आजही टाळ-मृदंगावर त्यांची भजने रंगतात. लक्ष्मीबाई तर लग्नानंतर लिहावाचायला शिकल्या, आणि घरात जशा बोलत तशाच लिहीत राहिल्या. यांपैकी कोणाजवळ आपल्याएवढी साधने होती? जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या (आजच्या धाराशिवच्या) अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून फादर फ्रान्सिस दिब्रिटो बोलले, तेव्हा आमच्या घरात सगळे दूरदर्शन संचासमोर बसले होते. तो मान मराठीच्या एका ख्रिस्ती लेखकाला मिळाला, तो त्याच्या मराठीमुळे.

संदर्भासाठी 'मराठी विश्वकोश' आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईत बसून ज्याचा पाया घातला, त्या विश्वकोशाचे वीसही खंड आता घरबसल्या वाचता येतात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली शेकडो पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य ठेवली आहेत. बायबलचे म्हणाल, तर एकाहून अधिक मराठी भाषांतरे शेजारी शेजारी ठेवून वाचता येतात. एकच वचन दोन भाषांतरांत पाहिले की मराठी वाक्य किती तऱ्हांनी वळते हे कळते. हा अभ्यास कोणत्याही धर्माच्या लेखकाला उपयोगी पडेल. मात्र सर्व भाषांतरे सारख्याच अटींवर खुली नाहीत. काहींचे हक्क राखलेले आहेत. 'इंडियन रिव्हाईज्ड व्हर्शन'सारखे भाषांतर मुक्त परवान्याखाली आहे. लांबलचक उतारे छापण्यापूर्वी हे पाहून घ्यावे.

हक्कांचा विषय निघालाच आहे, तर मानधनावर लिहू पाहणाऱ्या मित्रांसाठी थोडे विस्ताराने सांगतो. माझ्या एका मित्राचा लेख एका मासिकाने छापला आणि पुढे त्याला न विचारता पुस्तकातही घातला. तो बिचारा पुस्तकात नाव आले म्हणून पेढे वाटत होता! १९५७ चा कॉपीराइट कायदा 'इंडिया कोड' या सरकारी संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतो. त्यातील चार गोष्टी प्रत्येक लेखकाने पाठ कराव्यात. एक, लेख लिहिला की हक्क आपोआप उत्पन्न होतो, नोंदणीची सक्ती नाही. दोन, हक्क दुसऱ्याच्या नावे करून द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. तोंडी शब्दाने तो जात नाही. तीन, त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच. चार, लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लिखाणावरील हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. म्हणूनच १९१९ मध्ये निवर्तलेल्या टिळकांच्या कविता आज कोणीही छापू शकतो. पण त्यांवर नव्या संपादकाने लिहिलेल्या टिपा मात्र त्याच्याच. स्वतःचे पुस्तक स्वतः काढणाऱ्याला आयएसबीएन क्रमांकही आपल्या देशात सरकारी यंत्रणेकडून विनामूल्य मिळतो. हे ठाऊक नसल्यामुळे कितीतरी जण त्यासाठी मध्यस्थाला पैसे मोजतात.

इंग्रजी साधने सर्वस्वी टाकाऊ आहेत असे मात्र मी म्हणणार नाही. अमेरिकेत 'द ख्रिश्चन रायटर्स मार्केट गाईड' नावाची निर्देशिका दरवर्षी निघते. कोणते नियतकालिक कोणत्या प्रकारचे लेख घेते, किती शब्दांचे घेते, मानधन किती देते, उत्तर यायला किती दिवस लागतात, हे सारे तीत असते. त्या पत्त्यांचा आपल्याला काडीइतका उपयोग नाही. पण पद्धत घेण्यासारखी आहे. मराठी नियतकालिकांची अशी यादी आपण का करू नये? दिवाळी अंक, साप्ताहिके, पुरवण्या, 'निरोप्या'सारखी १९०३ पासूनची ख्रिस्ती मासिके, यांना पत्रे लिहून माहिती गोळा करायला वीस विद्यार्थी आणि एक सुट्टी पुरेशी आहे.

यावर कोणी म्हणेल, "हे सगळे ज्याच्या हाती चांगला मोबाईल आणि ज्याच्या गावाला रेंज, त्याच्यासाठी!" हा आक्षेप मला मान्य आहे. आमच्या वस्तीवर अजूनही टेकाडावर चढल्याशिवाय रेंज येत नाही, आणि मोबाईलच्या पडद्यावर चारशे पानांचे पुस्तक वाचताना डोळे चुरचुरतात. म्हणूनच आपल्या ग्रंथालयातील संगणक दुपारनंतर रिकामे राहू नयेत, अशी माझी प्राचार्यांना आणि ग्रंथपालांना नम्र विनंती आहे. दुसरा आक्षेप याहून मोठा आहे. इंटरनेटवर सगळे आहे, हा निव्वळ भ्रम आहे. तेथे तेच आहे जे कोणीतरी बसून, खपून तेथे ठेवले. आपल्या गावचे तेथे काही नसेल, तर ते कोणी ठेवायचे?

येथेच आपली जबाबदारी सुरू होते. 'मराठी विकिस्रोत' या मुक्त ग्रंथालयात हक्कमुक्त जुन्या पुस्तकांची पाने चढवली जातात. एका बाजूला पानाची छायाप्रत, दुसऱ्या बाजूला यंत्राने वाचलेला मजकूर. तो आपण ताडून दुरुस्त करायचा, मग दुसऱ्या कोणीतरी पुन्हा तपासायचा. रोज एक पान म्हटले तर वीस मिनिटे लागतात. मी गेल्या उन्हाळ्यात हे काम केले. ऱ्हस्वदीर्घ सुधारले हा फायदा झालाच, पण जुन्या लेखकांची वाक्ये अक्षर अक्षर वाचल्याने वाक्य कसे उभे राहते हेही शिकलो. मराठी विभागाच्या सरांनी मनावर घेतले तर प्रकल्प म्हणून हे काम सहज देता येईल.

माझ्या आजीपाशी एक वही आहे. गावच्या मिशन शाळेच्या एका मास्तरांनी रचलेली काही भजने तिने तरुणपणी त्यात उतरवून घेतली. ती कोणत्याही छापील उपासनासंगीतात नाहीत, आणि अर्थातच इंटरनेटवरही नाहीत. पहिली दोन पाने वाळवीने खाल्ली आहेत. आजीला आता डोळ्यांनी नीट दिसत नाही. ती म्हणते आणि मी टंकतो. मास्तरांच्या नातवाला विचारून, त्यांची परवानगी मिळाली की ती भजने सर्वांसाठी खुली करण्याचा विचार आहे. तेवीस झाली आहेत. फाटक्या पानांवरच्या एका भजनाचे शेवटचे कडवे आजीला आठवत नाही. रोज सकाळी ती आठवून पाहते.

मित्रहो, प्रत्येकाच्या घरी अशी एखादी वही, एखादी ट्रंक, एखादी आजी असेल. साधने नाहीत ही तक्रार करण्यापूर्वी तेवढे एकदा पाहावे, आणि येत्या सुट्टीत ज्याला विकिस्रोताचे काम करायचे असेल त्याने मला मराठी विभागात येऊन भेटावे.

(तृतीय वर्ष, कला)