“आतली घाण” नव्हे, वरून चोपडलेलं क्रीम!

सांताक्रूझ स्टेशनच्या दोन्ही बाजूंना पार्लरं भरपूर. लग्नसराई आली की फेशियल, आणि तिसऱ्या दिवशी तेलकट चेहऱ्यावर पुळ्या. विचारलं की ठरलेलं उत्तर: “आतली घाण बाहेर पडतेय ताई, अजून दोन सिटिंग करा.”

साफ थाप! पुळ्या म्हणजे शरीराची साफसफाई नव्हे. तेलकट त्वचेवर जाड क्रीमचा मसाज केला की छिद्रं बुजतात, ब्लॅकहेड पिळले की सूज येते. त्यावर पुन्हा फेशियल म्हणजे आगीत तेल.

खरा धोका पुढेच. पुळ्या बसवायला हातात दिली जाणारी बिनलेबलची डबी! त्यात स्टिरॉइड असलं तर चेहरा थोडे दिवस चमकतो, आणि थांबवलं की दुप्पट फुटतो. २०१८ मध्ये केंद्राने अशी अनेक क्रीम शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. मग या डब्या तपासतं कोण? एफडीएचं मुख्यालय तर शेजारी बांद्र्यालाच आहे!

तोवर मसाज, स्क्रब बंद. सौम्य फेसवॉश दिवसातून दोनदा. पुळ्या फोडू नका. बसल्या नाहीत तर कूपरची स्किन ओपीडी गाठा. आणि पार्लरमध्ये लेबल वाचल्याशिवाय चेहरा पुढे करू नका.