आधी पाहा, मग लिहा

साठी ओलांडलेला रुग्ण हात थरथरण्याची तक्रार घेऊन आला की आपल्यापैकी अनेकांचे पेन थेट लेव्होडोपाकडे वळते. फरक पडला नाही तर डोस वाढतो, मग एमआरआय होतो आणि ‘वयानुसार बदल’ एवढाच रिपोर्ट हाती येतो. मूव्हमेंट डिसऑर्डर्सचे निदान अजूनही मुख्यतः डोळ्यांनीच होते. जेम्स पार्किन्सन यांनी 1817 साली ज्या सहा रुग्णांवर निबंध लिहिला, त्यांतले तिघे तर त्यांनी रस्त्यावरच पाहिले होते.

पहिला प्रश्न सोपा आहे: हालचाल कमी झाली आहे की नको तिथे वाढली आहे? कमी झाली असेल तर पार्किन्सनिझमचा विचार करायचा. वाढली असेल तर ती कोणत्या जातीची, हे ठरवायचे. लयीत होणारा तो ट्रेमर. अवयव पिळवटून एकाच ढबीत वळत असेल तर डिस्टोनिया. एका जागेहून दुसरीकडे सरकत जाणारी, अंदाज न येणारी चाळवाचाळव म्हणजे कोरिया. क्षणार्धाचा झटका म्हणजे मायोक्लोनस. आणि रुग्णाला थोडा वेळ दाबून धरता येते ती टिक. कारणाचा शोध त्यानंतरचा. ट्रेमरच्या 2018 च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातही लक्षणांचा अक्ष आधी आणि कारणांचा नंतर, असाच क्रम आहे.

ट्रेमरसाठी लागतात फार तर पाच मिनिटे. रुग्णाचे हात मांडीवर सैल ठेवा आणि त्याला शंभरातून सात-सात वजा करायला सांगा. लक्ष आकड्यांत गुंतले की पार्किन्सनचा विश्रांतीतला कंप उघडा पडतो. मग हात समोर धरायला सांगा. इसेन्शियल ट्रेमर लगेच दिसतो. पार्किन्सनचा बहुधा काही सेकंद थांबून पुन्हा सुरू होतो. अंगठ्यावर तर्जनी भरभर आपटायला लावा: आपटणे हळू आणि दर खेपेला लहान होत गेले, तर तो ब्रॅडिकायनेशिया. तो नसेल तर नुसत्या कंपावरून पार्किन्सनिझम म्हणता येत नाही. शेवटी दोन ओळी लिहून घ्या. अक्षर बारीक होत गेले तर पार्किन्सनकडे, मोठे आणि नागमोडी आले तर इसेन्शियल ट्रेमरकडे कल.

सर्वांत महत्त्वाची तपासणी मात्र औषधांच्या पिशवीची. गॅस-ॲसिडिटीच्या कॅप्सूलमधले लेव्होसल्पिराइड, उलटीसाठीचे मेटोक्लोप्रामाइड, चक्करसाठीचे सिनारिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिन, मायग्रेनसाठीचे फ्लुनारिझिन यांपैकी कोणतेही पार्किन्सनिझम निर्माण करू शकते. व्हॅल्प्रोएट आणि साल्ब्युटामॉलनेही हात थरथरतात. ही औषधे आपणच लिहितो आणि रुग्ण ती वर्षानुवर्षे घेत राहतो. औषध बंद केल्यावर सुधारणेला आठवडे, कधी महिने लागतात. म्हणून घाईने लेव्होडोपा जोडू नये. मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेली औषधे मात्र त्यांच्याशी बोलल्याखेरीज थांबवू नयेत.

काही गोष्टी चुकवून चालणार नाहीत. चाळिशीच्या आतल्या प्रत्येक रुग्णात विल्सन्स डिसीजचा विचार हवा: सेरुलोप्लाझ्मिन, लघवीतले तांबे आणि स्लिट लॅम्पवर कायसर-फ्लायशर रिंग. वेळेवर उपचार मिळाले तर हा आजार आटोक्यात राहतो, उशीर झाला तर मेंदूचे नुकसान कायमचे होते. वयस्क मधुमेही रुग्णाला अचानक एका बाजूचा कोरिया सुरू झाला तर आधी साखर तपासा. पाय वाकडा पडणारे मूल सकाळी बरे आणि संध्याकाळपर्यंत बिघडत असेल, तर डोपा-रिस्पॉन्सिव्ह डिस्टोनिया आठवा. तिथे लेव्होडोपाचा छोटा डोससुद्धा मुलाला चालता करतो.

न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवताना चिठ्ठीत ‘ट्रेमर, कृपया पाहावे’ एवढेच लिहू नका. कोणती हालचाल, कधीपासून, कोणत्या बाजूला आणि आजवरची सर्व औषधे, हे लिहा. रुग्णाच्या संमतीने मोबाइलवर काढलेला एक मिनिटाचा व्हिडिओ सोबत द्या. आणि लेव्होसल्पिराइडची पुढची चिठ्ठी लिहिण्याआधी ते किती दिवसांसाठी, हे ठरवून लिहा.