आधी मर्यादा, मग यादी



दोन महिन्यांपूर्वी आमच्या लेकीने जेवणाच्या टेबलावर एक कागद ठेवला. त्यावर नऊ ओळी होत्या. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड, एसएमपीएस, कॅबिनेट, मॉनिटर, यूपीएस. खाली बेरीज : १ लाख ८ हजार रुपये. तिला तयार कॉम्प्युटर नको होता. एकेक भाग निवडून आणायचा आणि घरीच जोडायचा, असं तिच्या मनात होतं.

लेक १९ वर्षांची आहे, ॲनिमेशन शिकते. जुन्या कॉम्प्युटरवर तिचं थ्रीडीचं काम रात्रभर रेंडर होत बसायचं आणि पहाटे कधीतरी बंद पडलेलं दिसायचं. गेमही खेळायचे होते, ते तिने लपवलं नाही. आणि त्याच यंत्रावर मला आमच्या पिरंगुटच्या दुकानाचं टॅली आणि जीएसटीचं काम करायचं होतं.

घरात लगेच मतं आली. भाऊजी हिंजवडीत नोकरीला आहेत. ते म्हणाले, "वहिनी, मुलीला हा डबा कशाला? लॅपटॉप घ्या, उद्या लग्न झालं की सोबत नेता येईल." सासूबाईंनी मान डोलावली. खरं सांगते, मीसुद्धा नाहीच म्हणणार होते. पण माझ्या नकाराचं कारण वेगळं होतं. त्या यादीतलं मला काहीच कळत नव्हतं.

त्या रात्री याच गोष्टीचा विचार करत बसले. जी खरेदी कळत नाही, तिला आपण बायका दोनच उत्तरं देतो. एक, "नको". दुसरं, "पप्पांना विचार". एरवी आपण तूरडाळ हातात घेऊन पाहतो, मिक्सरचे वॅट विचारतो, कुकरची रिंग वेगळी मिळते का तेही विचारतो. मग लाखाच्या वस्तूला न पाहता हो किंवा नाही कसं म्हणायचं?

दुसऱ्या दिवशी तिला म्हटलं, "बस माझ्याजवळ. प्रत्येक ओळीपुढे दोन गोष्टी सांग. हे कशाला लागतं, आणि आत्ताच लागतं का?"

त्याआधी रक्कम ठरवली, ७५ हजार. परिग्रह-परिमाण व्रतात आपण हेच करतो ना? वस्तू समोर आल्यावर मन आवरत बसायचं नाही, किती ठेवायचं ते आधीच ठरवायचं. आपल्या पुण्यात मोठ्या माणसांनीही असंच केलं होतं. अमेरिकेने भारताला क्रे सुपरकॉम्प्युटर द्यायला नकार दिला, तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक सुरू झालं. डॉ. विजय भटकरांच्या चमूला ३ वर्षं आणि ३० कोटी रुपये एवढीच चौकट होती. त्यांनी एकच अवाढव्य प्रोसेसर बनवण्याच्या मागे न लागता बाजारात मिळणारे अनेक छोटे प्रोसेसर एकत्र जोडले आणि १९९१ मध्ये परम ८००० उभा राहिला. आमचा पसारा कुठे आणि तो कुठे, पण धडा तोच. चौकट आधी ठरली की डोकं नीट चालतं.

मग यादीचे आम्ही दोन भाग केले. नंतर बदलायला अवघड ते एकीकडे, नंतर सहज घालता येईल ते दुसरीकडे.

मदरबोर्ड अवघड भागात. त्यावरचा प्रोसेसर बसवायचा साचा पुढे किती वर्षं चालणार, हे पाहायचं. इंटेलचा एलजीए १७०० हा साचा बारावी, तेरावी आणि चौदावी अशा तीन पिढ्यांना चालला, २०२४ मध्ये पुढच्या पिढीला नवा साचा आला. एएमडीचा एएम४ त्याहून जास्त वर्षं चालला. २०२२ चा एएम५ सुद्धा बरीच वर्षं ठेवू असं कंपनीने सांगितलं आहे, म्हणून लेकीने तो निवडला. उद्या प्रोसेसर बदलला तरी बोर्ड भंगारात जाणार नाही.

ग्राफिक्स कार्ड मात्र नंतर घालता येतं. तिने निवडलेल्या रायझन प्रोसेसरमध्ये चित्र दाखवण्यापुरती ग्राफिक्सची सोय आतच आहे. टॅली चालतं, जुने गेम चालतात, ब्लेंडरचं रेंडर प्रोसेसरवर होतं, फक्त वेळ जास्त लागतो. इथे एक लक्षात ठेवा : इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असेल, तर त्यात ही सोय नसते. कार्ड नसेल तर पडद्यावर काहीच दिसणार नाही.

कार्डाचे ३३ हजार आणि रंगीत दिव्यांच्या काचेच्या कॅबिनेटचे जादाचे ३ हजार गेले. बेरीज ७२ हजारांवर आली. जाळीचं साधं कॅबिनेट घेतलं. त्यात हवा खेळती राहते.

एका ओळीत मात्र मीच पैसे वाढवले. मुळशी धरणाच्या पाण्यावर भिऱ्याला वीज होते आणि मुंबईला जाते, पण आमच्याकडे पावसाळ्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही. यादीत ६०० व्हीएचा यूपीएस होता. तो साधारण ३६० वॅट पेलतो. आज पुरला असता, पण कार्ड आल्यावर अपुरा पडला असता. म्हणून २ हजार जास्त देऊन १००० व्हीएचा घेतला. एकूण ७४ हजार. त्याचं काम तासभर कॉम्प्युटर चालवणं नाही, काम साठवून नीट बंद करायला पाचदहा मिनिटं देणं हे आहे.

खरेदीला बुधवार पेठेत तापकीर गल्लीच्या बाजूला गेलो. एका दुकानात कॅबिनेटसोबत "एसएमपीएस फुकट" होता. लेक म्हणाली, "मम्मी, हा नको." सगळ्या भागांना वीज वाटणारा तोच. तो बिघडला तर बाकीचे भागही सोबत घेऊन जाऊ शकतो. आम्ही ८० प्लस शिक्क्याचा घेतला. भिंतीतून घेतलेल्या विजेतली किमान ८० टक्के पुढे पोचते, बाकीची उष्णतेत जाते, असा त्या शिक्क्याचा अर्थ. बिल दुकानाच्या जीएसटी नंबरवर पक्कं घेतलं आणि प्रत्येक भागाचा सीरियल नंबर बिलावर लिहून घेतला. वॉरंटी मागताना तोच उपयोगी पडतो. हे काम तरी आपल्याला शिकवायला नको.

राहिला गेमचा प्रश्न. गोळ्या घालायचे गेम मला आजही आवडत नाहीत. पडद्यावर कोणी खरं मरत नाही हे मान्य, पण मन तासन् तास कशात रमतं याला आपल्याकडे महत्त्व आहे. तेही मी तिला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "मम्मी, कार्ड तेच असतं, रेंडरलाही आणि गेमलाही. काय चालवायचं ते मी ठरवते." मग म्हटलं, नियमही तूच ठरव. तिने रोज एक तास लिहिला, पर्युषणात पूर्ण बंद. गोळीबाराच्या गेमबद्दल आमचं अजून एकमत नाही. पण भाग घेऊन दिला नाही म्हणून हा प्रश्न सुटला असता, असं मला वाटत नाही. तो मोबाईलमध्ये गेला असता, माझ्या नजरेआड.

रविवारी टेबलावर चादर घालून जोडणी झाली. बटण दाबलं, पंखे फिरले, पडदा काळाच. भाऊजी म्हणाले, "तरी मी सांगत होतो." लेकीने काही न बोलता पुस्तिका उघडली. प्रोसेसरला वीज देणारी बोर्डाच्या कोपऱ्यातली वायर लावायची राहिली होती. ती लावली आणि कॉम्प्युटर सुरू झाला. सासूबाईंनी बोर्डाला नाही, लेकीलाच कुंकू लावलं.

ग्राफिक्स कार्ड अजून आलेलं नाही. ते ती स्वतःच्या कमाईतून घेणार आहे. दोन छोटी कामं मिळाली आहेत.

तुमच्या घरी असा कागद आला, तर लगेच नको म्हणू नका आणि लगेच पैसेही देऊ नका. मुलीला शेजारी बसवा आणि पहिल्या ओळीपासून विचारा. तिला उत्तर देता येत असेल, तर ती वस्तू तिची आहे. येत नसेल, तर ते तिलाच कळेल.