घरात नांदणारी कारागिरी

दिवाळीच्या पहाटे अंगणात सडा पडतो, चिमटीतून रांगोळी सुटते आणि ठिपक्याला ठिपका जुळू लागतो. या रोजच्या कलेची दखल घेणारा एक जुना ग्रंथ बीदरच्या याच मुलखात लिहिला गेला आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ रचला. ती कल्याणी म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण. शंभर अध्यायांच्या या संस्कृत ग्रंथात राज्यकारभार आहे, हत्ती-घोडे आहेत, रत्नांची पारख आहे. त्याचबरोबर चूर्णाने काढायच्या धूलिचित्राची नोंद आहे, मांडे आणि वडे करायची रीत आहे. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, हेही त्यात टिपून ठेवले आहे. मराठी ओवीचा माग काढणाऱ्या अभ्यासकाला त्यासाठी कल्याणीला यावेच लागते.

राजाच्या ग्रंथात कांडणाऱ्या बाईला जागा मिळाली, ही गोष्ट लहान नाही. हाताने घडवलेल्या, रोज हाताळल्या जाणाऱ्या वस्तू आणि त्यांच्यामुळे घराला येणारी कळा हाच यंदाच्या दिवाळी अंकाचा विषय आहे. अशी कारागिरी आपल्या भागात अजून भरपूर आहे. पण ती कौतुकाने जगत नाही, वापराने जगते, असे या संपादकीयाचे ठाम मत आहे.

सोमेश्वरानंतर काही दशकांतच याच कल्याणात बसवण्णांच्या भोवती शिवभक्त शरण जमले. नुलिय चंदय्या दोर वळत, मेदार केतय्या बांबूच्या टोपल्या विणत, मडिवाळ माचय्या कपडे धूत, हरळय्या चपला शिवत. शरणांच्या विचारात कायक, म्हणजे स्वतःच्या हातांनी केलेले प्रामाणिक काम, उपासनेइतकेच थोर ठरले. पुढे मराठी मुलखात तेरच्या गोरोबाकाकांनी मडकी घडवत आणि पंढरपूरच्या नरहरी सोनारांनी दागिने घडवत भक्ती केली. बीदर-कलबुर्गीच्या मराठी घरांत दोन्ही परंपरा एकाच देवघरात नांदतात. म्हणून इथे कारागिराकडे पाहण्याची नजर मुळातच आदराची आहे.

या कारागिरीतले सर्वांत नावाजलेले नाव अर्थातच बिदरी, म्हणजे काळ्या धातूत चांदी जडवण्याचे काम. बहमनी सुलतान अहमदशाह वली याने पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात राजधानी गुलबर्ग्याहून (आजच्या कलबुर्गीहून) बीदरला हलवली. इराणशी असलेल्या बहमनी संबंधांतून ही कला इथे रुजली, असे मानले जाते. धातू असतो जस्त आणि तांब्याचा. साधारण सोळा भाग जस्त, एक भाग तांबे. एरंडेल आणि राळ घालून मळलेल्या वाळूच्या साच्यात वस्तू ओततात, कानशीने घासून गुळगुळीत करतात, मग मोरचुदाच्या पाण्याने तात्पुरती काळी करतात. त्या काळ्यावर बारीक छिन्नीने वेलबुट्टी कोरली जाते आणि कोरलेल्या खाचेत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवला जातो. तारेच्या कामाला तारकशी म्हणतात.

खरी किमया शेवटी घडते. बीदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर पाण्यात उकळून त्यात वस्तू घालतात. ऊन-पाऊस वर्षानुवर्षे न लागलेल्या जागची ही माती असते, आणि जुने कारागीर ती जिभेवर ठेवून पारखतात. जस्ताचा धातू कायमचा काळाकुळकुळीत होतो, चांदीला मात्र काहीही होत नाही. वरून तेलाचा हात फिरला की काळ्या रात्रीत चांदणे पडावे तशी नक्षी उजळते. हाच काळ्या-पांढऱ्याचा खेळ बीदरच्या किल्ल्यातल्या रंगीन महालातही दिसतो. तिथे बरीदशाही काळात काळ्या दगडात शिंपले बसवले गेले. ते पाहून मग गावातल्या गल्लीत बिदरीचे काम पाहावे, म्हणजे एका गावाची आवड शतकानुशतके कशी टिकते हे डोळ्यांनी कळते.

मानसन्मान बिदरीला पुष्कळ मिळाले. २००६ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. २०२३ मध्ये बीदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री जाहीर झाली. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आणि हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात जुनी बिदरी जपून ठेवली आहे. पण त्या काचेमागच्या वस्तू आहेत तरी कोणत्या? हुक्क्याचे बूड, पानदान, सुरई, पिकदाणी. म्हणजे एकेकाळी रोज हाती येणाऱ्या, पाहुणा आला की पुढे सरकवल्या जाणाऱ्या वस्तू. हुक्का गेला, पानदान मागे पडले आणि बिदरी सत्कारातले स्मृतिचिन्ह झाली. स्मृतिचिन्ह कपाटात जाते आणि तिथेच राहते. चांदीचा भाव चढला की वस्तूची किंमत चढते, गिऱ्हाईक मागे सरते, आणि दिवसभर मान मोडून छिन्नी चालवणाऱ्याच्या मुलाला दुसरा धंदा बरा वाटू लागतो. मात्र कानातले, कुंकवाची डबी, फुलदाणी, किल्ल्यांची साखळी अशा लहान वस्तू घरात येऊ लागल्या, तर ही साखळी तुटायचे कारण नाही. कारागीर अशा वस्तू करतातही. त्यांना रोजच्या वापराचे गिऱ्हाईक हवे आहे.

वापरातल्या कलेचा दुसरा नमुना प्रत्येक घरातल्या अंथरुणांच्या गंजीवर घडी होऊन पडलेला असतो. गोधडी! भालकी असो की औराद, आईचे लुगडे, वडिलांचे धोतर, मुलांचे विटलेले सदरे एकावर एक अंथरून कडेकडेने धावदोरा घालत मध्यापर्यंत जायचे, ही पद्धत सारखीच. कन्नड घरात तिला कौदी म्हणतात, एवढाच फरक. चार जणी चार कोपऱ्यांना बसतात, तेव्हा एकीच्या टाक्यात मराठी बोलणे असते, दुसरीच्या कन्नड, तिसरीच्या दखनी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या बीदर जिल्ह्याची विभागणी झाली. उदगीर, निलंगा, अहमदपूर एका राज्यात गेले. भालकी, औराद, हुमनाबाद दुसऱ्या राज्यात. नकाशावरची रेघ बदलली, पण दोन्हीकडच्या सुयांचा धावदोरा तसाच चालत राहिला. नव्या कपड्याला एक पैसाही न लावता ऊब, रंग आणि घराण्याच्या आठवणी एकत्र बांधणारी दुसरी वस्तू दाखवणे कठीण आहे.

तांड्यांवरच्या बंजारा, म्हणजे लंबाणी, बायकांची फेटिया (घागरा) आणि काचळी (चोळी) हीही अशीच. आरसे, कवड्या, नाणी आणि दाट टाके. बल्लारी भागातल्या संडूरच्या लंबाणी भरतकामाला भौगोलिक मानांकन आहे, आणि जुलै २०२३ मध्ये हंपीत जी-२० च्या बैठकीच्या निमित्ताने १,७५५ लंबाणी वस्तूंच्या मांडणीचा गिनेस विक्रम झाला. कलबुर्गीच्या तांड्यांवर मात्र ही कला दिवाळीत पाहावी. अमावास्येच्या रात्री मुली दिवे घेऊन दारोदार ‘मेरा’ मागत जातात. त्या उजेडात ओढणीवरचे आरसे चमकतात, तेव्हा ते भरतकाम कशासाठी केले हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही.

घराच्या भिंतीवरही या भूमीचा हात आहे. चित्रकार एस. एम. पंडित १९१६ मध्ये गुलबर्ग्यात जन्मले, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले आणि सिनेमाच्या जाहिराती व देवादिकांच्या कॅलेंडरांनी देशभर पोचले. ज्या घरात कधीही चित्र विकत घेतले गेले नसते, तिथे त्यांची चित्रे खिळ्याला लटकली. कलबुर्गीचे रंगमंदिर आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. गोव्यात त्याच १९१६ साली जन्मलेल्या दीनानाथ दलालांनी ‘दीपावली’ या अंकाच्या मुखपृष्ठांतून मराठी घरांना हेच दिले. का. र. मित्र यांच्या ‘मासिक मनोरंजन’ने १९०९ मध्ये दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली. तेव्हापासून दिवाळी अंकही घरात हातोहाती फिरणारी, कोपरे दुमडली जाणारी वस्तू आहे. तो तसाच फिरावा.

सणाच्या या चार दिवसांत घरोघर पुष्कळ काही हाताने होते. पोरे किल्ल्यासाठी माती कालवतात, कामट्यांवर कागद चिकटवून आकाशकंदील करतात. करंजीची मुरड कुणाची चांगली पडते, याची चर्चा रंगते. पाडव्याला शेणाचे पांडव थापून त्यांवर झेंडू खोवला जातो, मराठी अंगणात आणि कन्नड अंगणातही. चुकलेला कंदील थोडा वाकडा लोंबला तरी करणाऱ्या मुलाचा चेहरा फुललेला असतो. तो आनंद बाजारातल्या तयार कंदिलाने मिळत नाही, म्हणून मुलांच्या हातात कात्री आणि खळ द्यायला घरातल्या मोठ्यांनी वेळ काढावा, अशी या अंकाची आग्रहाची विनंती आहे.

यंदा भेट द्यायची असेल तर बीदरच्या कारागिराच्या दुकानात जाऊन त्याने स्वतः ठोकलेली एखादी डबी घ्यावी. पणत्या गावच्या कुंभाराकडून घ्याव्यात आणि सांगेल त्या भावाने घ्याव्यात. बिदरी निस्तेज झाली तर घाबरू नये; मऊ फडक्याने पुसून खोबरेल तेलाचे बोट फिरवले की काळा रंग पुन्हा गडद होतो. घरातल्या आजीकडून गोधडीचा पहिला टाका शिकून घ्यायला दिवाळीची सुटी पुरेशी आहे.