जपानी शिकायचं, तेही इंग्रजीतूनच?

पुण्यात जपानी शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या मराठी माणसांवर माझा थेट आरोप आहे: आपण दुसऱ्यांच्या कष्टांवर फुकट शिकतो आणि परत कवडीही देत नाही.

आपल्या मोबाइलमधल्या बहुतेक जपानी शब्दकोशांमागे एकच साठा आहे, जेएमडिक्ट. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठातले जिम ब्रीन यांनी १९९१ मध्ये त्या कामाला हात घातला. आज त्यात दोन लाखांवर नोंदी आहेत. श्रेय द्या, पुढेही खुलं ठेवा आणि हवं तसं वापरा, एवढीच अट. 'जिशो' हा ऑनलाइन शब्दकोश त्याच्यावर चालतो, 'अँकी' या पाठांतराच्या ॲपमधले कितीतरी शब्दसंच त्यातूनच निघतात. त्यात जर्मन अर्थ आहेत, रशियन आहेत, हंगेरियन आहेत. जेमतेम वीस-पंचवीस लाख लोकांची स्लोव्हेनियन आहे. २०११ च्या जनगणनेत आठ कोटींवर लोकांनी मातृभाषा म्हणून नोंदवलेली मराठी नाही!

गरज नाही म्हणून कोणी सांगू नये. वर्गात 'काकेरु' हे क्रियापद आलं की इंग्रजी अर्थांची लांबलचक रांग समोर येते आणि पोरं घोकत बसतात. मग सेन्सेई, म्हणजे शिक्षक, फळ्यावर लिहितात: चष्मा लावणे, फोन लावणे, कुलूप लावणे, गाणं लावणे. क्षणात डोक्यात प्रकाश पडतो. पोरं ते समासात टिपून घेतात, परीक्षा झाली की वही रद्दीत जाते आणि पुढच्या बॅचला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. सॉफ्टवेअरवर पोट भरणाऱ्या शहरात ही उधळपट्टी चालते, याची मला चीड येते.

हे जपून ठेवायला दोन रकान्यांची साधी फाइल पुरते. एकीकडे जपानी, दुसरीकडे मराठी. डेमियन एल्म्स यांनी २००६ मध्ये आणलेलं अँकी ती थेट आत घेतं, संगणकावर आणि अँड्रॉइडवर पैसे न मागता. आणि आपण काय करतो? एका क्लासने असेच खुले संच उचलले, ब्रीन यांचं नाव गाळलं, स्वतःचा शिक्का मारला आणि त्यांचे पैसे फीमध्ये लावले. ही चोरी आहे.

एन-फाइव्ह या जपानीच्या सर्वांत खालच्या पातळीच्या परीक्षेला साधारण आठशे शब्द लागतात. वीस जणांच्या बॅचने त्यांचे मराठी अर्थ लिहायला वाटून घेतले तर माणशी चाळीस. सेन्सेईंनी तपासावेत, खुल्या परवान्याखाली सगळ्यांसाठी ठेवावेत. डिसेंबरच्या परीक्षेआधी हे होऊ शकतं.