बूटलोडर अनलॉक झाला, पण बूटलोडर तुमचा झाला का?

सॅमसंगने २०२५ मध्ये वन यूआय ८ सोबत बूटलोडर अनलॉक करण्याचा पर्यायच काढून टाकला. शाओमीने त्याआधीच हायपरओएसमध्ये अनलॉकच्या अटी कडक केल्या होत्या. कस्टम रॉम वापरणारे चिडले आहेत आणि ते बरोबरच आहे. पण परवानगी मिळाली तरी पुढे आणखी एक अडथळा असतो: स्टोरेजचा ड्रायव्हर.

आधी बूटलोडर समजून घेऊ

पॉवर बटण दाबल्यावर लगेच अँड्रॉइड चालू होत नाही. आधी चिपमध्येच कोरलेला छोटा कोड चालतो. तो पुढच्या कोडला उठवतो, तो त्याच्या पुढच्याला. शेवटी बूटलोडर स्टोरेजमधून कर्नल वाचतो, रॅममध्ये ठेवतो आणि बाजूला होतो.

गंमत इथेच आहे. स्टोरेज वाचायचा ड्रायव्हर कर्नलमध्ये असतो आणि कर्नल असतो स्टोरेजमध्ये! कपाटाची किल्ली कपाटातच. म्हणून बूटलोडरला स्वतःचा वेगळा ड्रायव्हर लागतो.

कस्टम रॉम टाकली तरी बूटलोडर सहसा कंपनीचाच राहतो. तो फक्त तुमचा कर्नल स्वीकारतो, तोही अँड्रॉइडच्या ठरलेल्या फॉरमॅटमध्ये. लॅपटॉपसारखं कुठलंही लिनक्स थेट बूट करायचं असेल, तर यू-बूटसारखा खुला बूटलोडर हवा.

ड्रायव्हर करतो काय?

आजच्या बऱ्याच फोनमध्ये यूएफएस स्टोरेज असतं. ड्रायव्हर आधी कंट्रोलर चालू करतो, मग कंट्रोलर आणि स्टोरेज चिप यांच्यातली लिंक जोडतो. 'आहेस का?' असा एक रिकामा संदेश पाठवून उत्तराची वाट बघतो. मग रॅममध्ये 'अमुक ब्लॉक वाच' अशी चिठ्ठी लिहितो आणि डोअरबेल नावाच्या रजिस्टरमध्ये एक बिट १ करतो. कंट्रोलर चिठ्ठी वाचतो आणि डेटा रॅममध्ये आणून टाकतो.

ऐकायला सोपं वाटतं. ऑफिसमध्ये एका बोर्डवर असाच ड्रायव्हर लिहिताना मी दोन दिवस अडकलो होतो. पहिलं रीड बरोबर यायचं, दुसऱ्या वेळी जुनाच डेटा! कारण कॅश. कंट्रोलरने रॅममध्ये नवा डेटा टाकला होता, पण प्रोसेसर स्वतःच्या कॅशमधली जुनी प्रत वाचत होता. बेल वाजवण्याआधी कॅशमधलं रॅममध्ये उतरवायचं आणि डेटा आल्यावर कॅशमधली जुनी प्रत रद्द करायची. सगळं मिळून दोन ओळींची दुरुस्ती.

खरी अडचण माहितीची

हा सगळा संवाद जेईडेक या संस्थेच्या मानकात लिहिलेला आहे. पण लिंक जोडणारा फिजिकल लेयर प्रत्येक चिपचा वेगळा. कुठल्या रजिस्टरमध्ये कुठला आकडा टाकायचा, हे चिप बनवणाऱ्यालाच ठाऊक असतं. तो तक्ता खुला नसेल, तर अनलॉक केलेल्या फोनवरही तुमचा बूटलोडर स्टोरेजमधला एक बाइटसुद्धा वाचू शकत नाही.

यू-बूटमध्ये यूएफएसचा पाया २०१९ मध्ये आला. क्वालकॉमच्या चिपसाठीचा भाग यायला २०२४ उजाडलं. तोही शक्य झाला, कारण लिनक्स कर्नलमध्ये क्वालकॉमचे ड्रायव्हर आधीपासून खुले होते.

याचा फायदा कोणाला? २०१८ मध्ये भारतात गाजलेला पोको एफ१ आठवतो? त्यात स्नॅपड्रॅगन ८४५ आणि यूएफएस स्टोरेज होतं. अधिकृत अपडेट अँड्रॉइड १० वर थांबले. पण चिपचा कोड खुला असल्यामुळे त्यावर आज पोस्टमार्केटओएस हे लिनक्स चालतं. त्याच्यापेक्षा नव्या कित्येक फोनच्या नशिबात हे नाही.

मग मागायचं काय?

कंपन्यांची बाजू अगदीच चुकीची नाही. लॉक बूटलोडरमुळे चोरीच्या फोनमधला डेटा सुरक्षित राहतो. गूगल आणि सॅमसंग काही मॉडेलना सात वर्षं अपडेट देतात, हेही चांगलंच. प्रश्न आठव्या वर्षाचा आहे. अपडेट बंद करताना अनलॉकची परवानगी द्या आणि चिपची माहितीही खुली करा, अशी दुहेरी मागणी हवी. नुसती परवानगी मिळाली, तर चांगला चालणारा फोनही शेवटी ड्रॉवरमध्येच पडून राहील.